उत्तर कोरियात व्हीलचेअर किंवा कृत्रिम पाय पाठवायचे असतील तर: आधी काय, मग काय

"माल गोळा झालाय, पैसेही जमलेत, आता तेवढी परवानगी कशी काढायची ते सांगा." उत्तर कोरियातल्या दिव्यांगांसाठी मदत पाठवू पाहणाऱ्या संस्थांचा फोन येतो तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. चूक तिथेच झालेली असते, कारण क्रम उलटा पडलेला असतो. त्या देशावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे निर्बंध आहेत; त्यांतून सूट, म्हणजे माल नेण्याची परवानगी, मिळते ती वस्तूगणिक, नगागणिक आणि वाटेगणिक. आधी घेऊन ठेवलेला माल त्या परवानगीत बसला नाही, तर तो गोदामातच राहतो. अशा एका गोदामात टायरला चिरा पडेपर्यंत उभ्या राहिलेल्या व्हीलचेअर मी पाहिल्या आहेत. ज्यांच्यासाठी त्या घेतल्या होत्या ती माणसं तोवर जमिनीवरूनच सरकत होती.

पुण्या-मुंबईतल्या पुनर्वसन संस्था, परदेशी मदतसंस्थांत खरेदी सांभाळणारे मराठी सहकारी आणि परदेशात वर्गणी काढणारी आपली मंडळं अशा सगळ्यांसाठी खालच्या पायऱ्या आहेत. क्रम मोडू नका.

पायरी १: पाठवणारे तुम्हीच असायला हवेत का, ते ठरवा

कृत्रिम पाय एकदा देऊन भागत नाही. वाढत्या मुलाचा पाय सहा महिने ते वर्षभरात बदलावा लागतो, मोठ्या माणसाचा साधारण तीन ते पाच वर्षांनी. मधल्या काळात पट्टा तुटतो, ठुणका (कापलेल्या पायाचा उरलेला भाग) बारीक होतो, तो ज्यात बसतो ते सॉकेट सैल होतं. हे सगळं बघायला तिथे कोण आहे, याचं उत्तर नसेल तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरज नाही.

उत्तर कोरियाने जानेवारी २०२० मध्ये सीमा बंद केल्या. मार्च २०२१ पर्यंत संयुक्त राष्ट्रांचे शेवटचे परदेशी कर्मचारीही देशाबाहेर पडले होते. त्याआधी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती प्योंगयांगच्या दक्षिणेला सोंगरिम इथल्या आणि राजधानीतल्या राकरांग इथल्या पुनर्वसन केंद्रांना साहित्य, यंत्रं आणि प्रशिक्षण पुरवत होती. फ्रान्समध्ये स्थापन झालेली हँडिकॅप इंटरनॅशनल, म्हणजे आताची ह्युमॅनिटी अँड इन्क्लुजन, हीसुद्धा तिथे काम करत होती. तेव्हा पहिला प्रश्न अर्जाचा नसतो, प्रवेशाचा असतो. तुमचा किंवा तुमच्या भागीदाराचा तंत्रज्ञ आज त्या केंद्रात जाऊन रुग्णाला बघू शकतो का?

स्पष्टच सांगतो. लहान संस्थेने स्वतंत्र अर्ज करण्यापेक्षा, ज्यांनी याआधी सूट मिळवून माल पोचवला आहे त्यांच्या अर्जात आपला वाटा घालणं जवळजवळ नेहमीच चांगलं. तुमचं नाव मागे राहील, पण माल पुढे जाईल.

तपासा: तिथल्या केंद्राचं नाव, जबाबदार व्यक्तीचं पद आणि भेट देण्याची मुभा हे तिन्ही लेखी हातात आहे का? यातलं एक जरी नसेल तर इथेच थांबा. तयारी चालू ठेवा, खरेदी नको.

पायरी २: गरज माणसागणिक मोजा

"पन्नास व्हीलचेअर" ही गरज नव्हे, तो आकडा आहे. बसण्याची रुंदी, मांडीची लांबी, पाठीचा आधार, जखमेचा धोका आणि घराचा उंबरठा हे कळल्याशिवाय खुर्ची निवडता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ च्या मार्गदर्शिकेत व्हीलचेअर देण्याचे आठ टप्पे सांगितले होते. नोंदणी, तपासणी, निवड, पैसे आणि मागणी, जुळणी, बसवून पाहणं, वापराचं शिक्षण आणि शेवटी दुरुस्ती व पाठपुरावा. आपल्याकडच्या वाटप-शिबिरांची सवय अशी की त्यातलं पाचवं तेवढं होतं आणि फोटो निघतो. इथे तसं चालणार नाही, कारण अर्जात लाभार्थी कसे निवडले हे लिहावंच लागतं.

उत्तर कोरियाने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर २०१३ मध्ये सही केली आणि डिसेंबर २०१६ मध्ये तो मान्य केला. मे २०१७ मध्ये या विषयावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक कातालिना देवांदास यांनी त्या देशाला भेटही दिली. याचा तुम्हाला थेट उपयोग आहे. कराराचं कलम २० स्वतःच्या हिंडण्याफिरण्याबद्दल आहे, २६ पुनर्वसनाबद्दल, ३२ आंतरराष्ट्रीय सहकार्याबद्दल. तिथल्या अधिकाऱ्यांशी बोलताना "आमची मदत घ्या" म्हणण्यापेक्षा "तुम्ही मान्य केलेल्या कलमासाठी हे साहित्य आहे" असं म्हणा. बोलण्याची पातळी बदलते, आणि राजधानीबाहेरच्या माणसांचं काय, हा प्रश्नही रीतीने विचारता येतो.

तिथला प्रमुख भागीदार म्हणजे १९९८ मध्ये स्थापन झालेला कोरियन दिव्यांग संरक्षण महासंघ. तो सरकारी चौकटीतलाच आहे. आपल्याकडे दिव्यांगांच्या संघटना मंत्रालयावर मोर्चा नेतात, तशी गोष्ट तिथे गृहीत धरू नका. म्हणून आग्रह धरायचा तो इतकाच की तपासणीच्या वेळी वापरणाऱ्या माणसाला स्वतःला विचारलं जावं. घरात किती पायऱ्या आहेत, काम काय करता, दुखतं कुठे. एवढं जरी फॉर्मवर भरून आलं तरी खुर्ची बरोबर जाते.

सावध: सुरक्षा परिषदेची सूट नागरी लोकांसाठीच्या मदतीला असते. केंद्र लष्कराच्या अखत्यारीतलं असेल तर ते लपवू नका आणि गृहीतही धरू नका. नागरी रुग्ण कोण, त्यांची नोंद कशी ठेवली जाते, हे आधीच स्पष्ट करून घ्या.

पायरी ३: खोकं उघडून यादी करा

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात, म्हणून इथे वेळ घालवू.

सुरक्षा परिषदेच्या डिसेंबर २०१७ च्या ठराव २३९७ ने उत्तर कोरियाला काय पाठवायचं नाही हे कस्टमच्या एचएस कोडवरून, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या आकड्यांवरून, ठरवलं. प्रकरण ७२ ते ८३ म्हणजे लोखंड, पोलाद आणि इतर धातू. ८४ आणि ८५ म्हणजे यंत्रं आणि विजेची उपकरणं. ८६ ते ८९ म्हणजे वाहनं. ठरावाला वस्तू कशासाठी आहे हे दिसत नाही, कोड दिसतो.

आता कृत्रिम पाय, कॅलिपर (अशक्त पायाला आधार देणारा सांगाडा), कुबड्या आणि श्रवणयंत्रं पाहा. ती सगळी ९०२१ मध्ये येतात, म्हणजे बंदीच्या पट्ट्याबाहेर. हे वाचून माणसं सुटकेचा श्वास टाकतात. पण व्हीलचेअर ८७१३ आहे, वाहनांच्या प्रकरणात. सायकल आणि ट्रकच्या शेजारी तिची जागा आहे. तिला सूट लागतेच.

खोकं उघडा. मी दरवेळी खरंच टेबलावर उघडतो आणि एकेक वस्तू बाहेर काढून ठेवतो. खुर्ची ८७१३. सोबतचा पाना ८२०४. हवा भरायचा हातपंप ८४१४. प्लास्टिकच्या पिशवीतली दोन जादा बेअरिंग ८४८२. जादा ट्यूब ४०१३, ती बंदीतून मोकळी. अर्जात "व्हीलचेअर, सामानासह" लिहिलं असेल तर सीमेवरचा कस्टम अधिकारी पाना हातात घेऊन विचारतो, हा कुठल्या ओळीत आहे? तो पाना कुठल्याच ओळीत नसतो, आणि अख्खी खेप थांबते.

हाच खेळ बाकी ठिकाणी. श्रवणयंत्र मोकळं, पण त्याचे बटणाएवढे सेल ८५०६, म्हणजे बंदीत. सेलशिवाय श्रवणयंत्र म्हणजे कानात घातलेला प्लास्टिकचा तुकडा. ब्रेल टाइपरायटर ८४ मध्ये. अंध व्यक्तीची पांढरी काठी ६६०२, मोकळी. प्लास्टरची पट्टी मोकळी, सॉकेट ओढण्यासाठीचा पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा किंवा जयपूर फूटच्या पद्धतीत वापरतात तो एचडीपीई पाइप ३९ मध्ये, तोही मोकळा. पण तो तापवायची भट्टी आणि व्हॅक्यूम पंप बंदीत. चामड्याचे पट्टे शिवायचं मशीन ८४५२, बंदीत. तयार पायात बसवलेला स्क्रू पायाबरोबर जातो. तोच स्क्रू सुटा, डबीत भरून पाठवला की ७३१८, पोलादाचा माल.

व्यायामाच्या उपकरणांबद्दल एक वेगळी गोष्ट ध्यानात ठेवा. २०१६ च्या ठराव २२७० मध्ये चैनीच्या वस्तूंच्या यादीत मनोरंजनाचं क्रीडासाहित्य घातलेलं आहे. दिव्यांग खेळाडूंसाठी टेबल टेनिसचं टेबल किंवा रुग्णांसाठी व्यायामाची सायकल पाठवताना हा मुद्दा निघू शकतो. उपचारासाठी आहे असं असेल तर कोणत्या उपचारासाठी, कोणत्या विभागात, ते लिहा.

यादीच्या प्रत्येक ओळीत हे हवंच: वस्तूचं साधं नाव, कंपनी आणि मॉडेल, कशाची बनलेली, नग, एचएस कोड, किंमत, कुठल्या देशात बनली, आणि कुठल्या केंद्रात कुठल्या कामाला. कोड स्वतः ठरवू नका. वर दिलेले आकडे दिशा दाखवायला आहेत; अंतिम कोड कस्टम ब्रोकरकडून लेखी घ्या, कारण एकाच वस्तूचा कोड देशागणिक पुढच्या अंकांत बदलतो.

सावध: "सुटे भाग, १ लॉट", "अवजारे, संच", "इतर". हे शब्द यादीत दिसले की यादी परत घ्या आणि पुन्हा लिहा.

तपासा: ज्याने यादी केली नाही अशा माणसाला खोकं आणि यादी द्या. त्याला प्रत्येक वस्तू यादीत सापडते का? खिळासुद्धा?

पायरी ४: कुठल्या कुठल्या परवानग्या लागतात ते वेगळं मांडा

इथे तीन गैरसमज कायम भेटतात.

पहिला: "२०२२ मध्ये ठराव २६६४ आला, आता मानवतावादी मदतीला सूट लागत नाही." त्या ठरावाने मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधांतून मदतकार्याला वाट करून दिली, तीही संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, त्यांच्या मदत-आराखड्यात सहभागी असलेल्या संस्था आणि त्यांचे भागीदार अशा ठरावीक वर्तुळाला. २३९७ मधली वस्तूंची बंदी त्याने उठवलेली नाही. पाना अजूनही ८२०४ आहे.

दुसरा: "तज्ज्ञ मंडळ बंद झालं म्हणजे निर्बंध संपले." निर्बंध पाळले जातात का यावर नजर ठेवणाऱ्या तज्ज्ञ मंडळाची मुदत एप्रिल २०२४ च्या अखेरीस संपली हे खरं, पण हे निर्बंध सांभाळणारी सुरक्षा परिषदेची १७१८ समिती आणि सगळे ठराव जागेवर आहेत. सूट देते ती समिती, ठराव २३९७ च्या परिच्छेद २५ खाली, एकेक प्रकरण बघून.

तिसरा: "समितीची सूट मिळाली की झालं." नाही हो. त्याखाली प्रत्येक देशाचा कायदा उरतोच. अमेरिकन माल, अमेरिकन पैसा किंवा अमेरिकन नागरिक यांपैकी काहीही गुंतलं असेल तर तिथल्या अर्थखात्याचे आणि वाणिज्य खात्याचे नियम लागू होतात. अमेरिकेतल्या मराठी मंडळांसाठी आणखी एक: १ सप्टेंबर २०१७ पासून अमेरिकन पासपोर्टवर, खास मंजुरीशिवाय, उत्तर कोरियात जाता येत नाही. "सुट्टीत जाऊन स्वतः देऊन येतो" हा बेत बाजूला ठेवा.

भारतातल्या ट्रस्टने दोन गोष्टी सीएकडे बसून सोडवाव्यात. ट्रस्टचं उत्पन्न भारताबाहेर खर्च करायचं तर प्रत्यक्ष कर मंडळाची आधी मंजुरी लागते, नाहीतर तेवढ्या रकमेवरची करसवलत जाते. आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खात्यातल्या पैशाला या कामासाठी विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. शिवाय आपल्या परकीय व्यापार धोरणातही उत्तर कोरियाबद्दल वेगळी तरतूद आहे. निर्यात भारतातून होणार असेल तर ती ब्रोकरला दाखवा.

प्रशिक्षणाचा भाग असेल तर तोही इथेच मांडा. नोव्हेंबर २०१६ च्या ठराव २३२१ ने वैज्ञानिक आणि तांत्रिक सहकार्य थांबवलं, पण वैद्यकीय देवाणघेवाण त्यातून वगळली. तिथल्या तंत्रज्ञाला सॉकेट बनवायला शिकवायचं असेल तर अभ्यासक्रमाला "तांत्रिक प्रशिक्षण" असं मोघम नाव देऊ नका. कुठल्या रुग्णांवर, कुठलं वैद्यकीय कौशल्य, हे लिहा.

पायरी ५: अर्ज लिहा

समितीची अंमलबजावणी साहाय्य सूचना क्रमांक ७ समोर उघडून ठेवा. ती ऑगस्ट २०१८ मध्ये निघाली आणि नंतर सुधारली गेली, म्हणून कुणी तरी पूर्वी डाउनलोड केलेली प्रत वापरू नका. ती जे विचारते तेच, त्याच क्रमाने लिहा: मदतीचं स्वरूप, लाभार्थी कोण आणि कसे निवडले, सूट का लागते, नेमका माल आणि नग, पाठवण्याच्या तारखा, मार्ग आणि बंदरं, व्यवहारातले सगळे पक्ष, पैशाचे व्यवहार, आणि माल दुसरीकडे वळू नये म्हणून केलेली व्यवस्था. पायरी ३ ची यादी परिशिष्ट म्हणून जाते.

अर्ज सहसा सदस्य देशामार्फत जातो. भारतीय संस्थेसाठी त्याचा अर्थ परराष्ट्र मंत्रालय आणि तिथून न्यूयॉर्कमधलं आपलं स्थायी कार्यालय. ते शक्य नसेल तर संयुक्त राष्ट्रांच्या उत्तर कोरियासाठीच्या निवासी समन्वयकाच्या कार्यालयामार्फतही जाता येतं. समितीत पंधराही सदस्यांची सहमती लागते. एकाने प्रश्न विचारला तरी अर्ज थांबतो. म्हणून प्रश्न उरणारच नाही असं लिहिणं एवढंच आपल्या हातात असतं.

दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा.

"गरजू दिव्यांगांना दर्जेदार साधनं देऊन त्यांचं जीवन उजळवण्यासाठी भट्टी आवश्यक आहे."

"ही भट्टी पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा तापवून मऊ करते, मऊ पत्रा ठुणक्याच्या साच्यावर ओढूनच सॉकेट बनतं, त्यामुळे भट्टीशिवाय केंद्रात एकही नवा पाय तयार होऊ शकत नाही. भट्टी जमिनीला बोल्टने बसवली जाईल आणि तिचा क्रमांक दर भेटीत तपासला जाईल."

दुसऱ्या वाक्याला विचारायला काही उरत नाही. पहिलं स्मरणिकेत शोभेल.

सावध: थोडा थोडा माल, वेगवेगळे अर्ज, असं करू नका. समितीची अपेक्षा एकत्रित अर्जाची आणि एकत्रित खेपांची आहे. सूटपत्राला मुदत असते. आधी ती सहा महिन्यांची होती, २०२० च्या अखेरीस नऊ केली. सध्याची चालू सूचनेत पाहा. मुदतवाढ मागायची तर मुदत संपायच्या आत.

पायरी ६: पैशाची वाट आखा

उत्तर कोरियाची परकीय व्यापार बँक ऑगस्ट २०१७ पासून संयुक्त राष्ट्रांच्याच निर्बंध-यादीत आहे. तिथे पैसे पाठवायची नेहमीची वाट नाही असं धरूनच चाला. शक्य तितका खर्च देशाबाहेर करा: माल, भाडं, विमा. स्थानिक खर्च टाळता येत नसेल तर तो अर्जात रकमेसकट लिहा.

तुमच्या स्वतःच्या बँकेला आधी भेटा. सूटपत्र हातात असूनही बिलावर त्या देशाचं नाव दिसताच व्यवहार अडकवणाऱ्या बँका असतात. शाखेत नव्हे, निर्बंध तपासणाऱ्या विभागाशी बोलणं व्हायला हवं, आणि मालाची ऑर्डर देण्याच्या आधी.

पायरी ७: आता खरेदी करा, बांधा, पाठवा

सूटपत्र आलं. त्यातली प्रत्येक ओळ यादीशी ताडून पाहा आणि मगच ऑर्डर द्या. पुरवठादार म्हणेल, "ते मॉडेल बंद झालं, हे त्याहून चांगलं आहे." घेऊ नका. मॉडेल बदललं तर आधी समितीला कळवून दुरुस्ती करून घ्यायची, मग पैसे द्यायचे.

मार्ग बहुधा चीनमधून जातो, दालियनच्या बंदरातून किंवा दांदोंगहून सिनुइजूला. अर्जात जो मार्ग लिहिला तोच घ्या. खोक्यावरचा क्रमांक, पॅकिंग लिस्टमधला क्रमांक आणि परिशिष्टातली ओळ एकच असू द्या, आणि सूटपत्राची प्रत प्रत्येक खेपेसोबत. वापराची माहिती कोरियन भाषेत, चित्रांसह, खोक्याच्या आत. मोठी अक्षरं हवीत, कारण ती बऱ्याचदा म्हातारी आई किंवा नवरा वाचणार असतो.

तपासा: शेवटचं खोकं बंद करण्याआधी कुणी "हेही राहू दे" म्हणून काही आत टाकलंय का? चॉकलेट, कॅल्क्युलेटर, स्क्रूड्रायव्हर? काढा.

पायरी ८: पोचल्यावरचं काम

माल केंद्रात पोचला की नग मोजून, क्रमांक लिहून पोचपावती घ्या. पण खरी नोंद पुढे आहे. खुर्चीत बसवून पाहिलं का, पहिल्या आठवड्यात त्वचेवर लाल डाग उठला का, पाय घालून किती चालता येतं. तीन महिन्यांनी त्याच माणसाला पुन्हा बघायचं. तो येऊ शकला नाही तर का नाही, तेही लिहायचं. उत्तर कधी कधी अगदी साधं असतं: केंद्रापर्यंत यायला गाडीच मिळाली नाही.

माणसांची नावं आणि पत्ते तुमच्या अहवालात, ईमेलमध्ये किंवा फेसबुकवर कुठेही टाकू नका. सांकेतिक क्रमांक पुरतो. फोटो काढायचा तर खुर्चीचा, सॉकेटचा, भट्टीवरच्या क्रमांकाचा.

आणि ज्या दिवशी पहिल्या मुलाला पाय बसवला, त्याच दिवशी त्याच्या पुढच्या पायाचा अर्ज लिहायला घ्या. सहा महिन्यांत त्याला तो लागणार आहे.